हात जड होतात तेव्हा

मी मेंटल कोच आहे, म्हणजे खेळाडूंच्या मनाच्या तयारीवर काम करते. मागच्या अंकात 'खेळ आणि मन' यावर प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं, वाटलं पाच-सहा पत्रं येतील, आली भरपूर. त्यातली जवळजवळ निम्मी एकाच वाक्यावर संपतात, 'कॉन्फिडन्स वाढवायला काय करू'. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून काही निवडलेत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते. प्रॅक्टिसमध्ये ज्या मुलींना आरामात हरवते त्यांच्याकडूनच टुर्नामेंटमध्ये हरते. पहिला गेम बरेचदा घेते पण १८-१८ वगैरे, म्हणजे गेम संपत आला की हात जड होतो, जिथे स्मॅश मारायचा तिथे नुसतं शटल पलीकडे ढकलत बसते. सर म्हणतात कॉन्फिडन्स ठेव. पण तो आणू कुठून?

तुझ्या सरांचा हेतू चांगला आहे गं, पण झोप न येणाऱ्या माणसाला 'झोप आता' म्हटल्यावर जे होतं तेच 'कॉन्फिडन्स ठेव' म्हटल्यावर होतं. माणूस अजून टक्क जागा होतो.

आधी तो जड हात. मी स्वतः टेबल टेनिस खेळायचे. एका सेमीफायनलला शेवटच्या गेममध्ये ९-९, सर्व्हिस माझी. बॉल तळहातावर ठेवला आणि मला एकदम माझा अंगठा दिसायला लागला. म्हणजे तो रोज तिथेच असतो, पण त्या दिवशी तो नीट आहे ना, बाहेर तर आला नाहीये, मनगट किती वळवायचं, बॉल किती वर टाकायचा, असं एकेक करत मी स्वतःचीच सर्व्हिस तपासायला लागले. आठ वर्षं जी सर्व्हिस झोपेतून उठवलं तरी केली असती ती नेटमध्ये. दुसरीही नेटमध्ये. ९-११, गेली मॅच.

याला चोकिंग म्हणतात, आणि याचा धैर्याशी फारसा संबंध नाही. हजारो वेळा केलेली हालचाल शरीर आपोआप करत असतं, टेन्शनमध्ये आपण ती हातात घेऊन एकेक तुकडा चालवायला बघतो आणि तिथे घोटाळा होतो. जिना उतरताना मुद्दाम 'आता उजवा पाय, आता डावा' असं करून बघ, अडखळशील. आणि हे फक्त तुझं-माझं नाही. १९९३ च्या विम्बल्डन फायनलमध्ये याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होती, ५-१ करायला एक पॉइंट हवा होता, तिथे डबल फॉल्ट झाला (लागोपाठ दोन सर्व्हिस चुकल्या) आणि तिथून सेट ६-४ ने गेला. बक्षीस समारंभात ती रडली ते सगळ्यांनी पाहिलं. तीच नोव्होत्ना १९९८ मध्ये विम्बल्डन जिंकली, हे मात्र लोक सांगायचं विसरतात.

तुझ्या बाबतीत अजून एक गोष्ट मला दिसतेय. तू शटल ढकलतेस कारण तिथे तू जिंकायला खेळतच नसतेस, चूक होऊ नये म्हणून खेळतेस. ढकललेलं शटल बाहेर जात नाही, त्यामुळे त्या क्षणी सेफ वाटतं. समोरची मारते ते वेगळं.

आता करायचं काय. दोन रॅलींच्या मध्ये तुला थोडेच सेकंद मिळतात, तेवढ्यात बसेल असं एक रूटीन ठरव आणि ते दर पॉइंटला सेम ठेव, ३-२ असो की १९-१९. उदाहरणार्थ नेटकडे पाठ करायची, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायच्या, एक लांब श्वास सोडायचा (घेण्यापेक्षा सोडणं लांब हवं, त्याने धडधड थोडी खाली येते), आणि वळताना मनात फक्त एक जागा म्हणायची, 'मागचा डावा कोपरा' वगैरे. जागा म्हणायची, हात किंवा मनगट नाही. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने यावर वर्षानुवर्षं काम केलंय, लक्ष शरीराच्या भागावर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या टार्गेटवर ठेवलं तर हालचाल जास्त सहज होते. म्हणून कोपर वर ठेव, ग्रिप सैल ठेव हे सगळं प्रॅक्टिससाठी, १८-१८ ला नाही.

दुसरं म्हणजे निर्णय आधीच घेऊन टाक. 'स्कोअर १८ ला पोचला आणि शटल अर्ध्या कोर्टात उंच आलं, तर मी मारणारच', असं घरी बसून लिहून ठेव. बाहेर गेलं तरी चालेल. त्या क्षणी विचार करायला वेळच ठेवायचा नाही.

आणि तिसरं, जे कुणी करत नाही कारण कंटाळवाणं आहे. प्रॅक्टिसचे गेम ०-० पासून खेळूच नकोस, आठवड्यातून दोन दिवस १८-१८ पासून सुरू कर. हरणाऱ्याने काहीतरी करायचं, नेट गुंडाळायचं, चार राउंड पळायचं, काहीही, पण हरल्याचं थोडं लागलं पाहिजे. बाकीच्या पोरींना बाजूला उभं करून बघायला लाव, बडबड करू दे त्यांना. आणि वहीत लिही, आज सात वेळा खेळले, तीन जिंकले. 'छान वाटलं' असलं लिहू नकोस, आकडा लिही. अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' ही भावना चार ठिकाणांहून येते: आपण स्वतः आधी करून दाखवलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिलेलं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीरात जे चाललंय त्याचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात दणकट पहिलं. सरांचं 'कॉन्फिडन्स ठेव' तिसऱ्या नंबरवर येतं, म्हणून ते पुरत नाही. तुला जो कॉन्फिडन्स हवाय तो त्या वहीत जमा होणार आहे, हळूहळू, आणि मधले दोन आठवडे असे जातील की वाटेल काही होतच नाहीये.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, स्विमिंग करतो. रेसच्या सकाळी त्याला उलटी होते, पोट दुखतं. मी त्याला रस्ताभर समजावत असतो, मोटिव्हेट करतो, मागच्या रेसमधल्या चुका सांगतो. त्याला मेंटल कोच लावावा का?

लावता येईल, पण त्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. पुढच्या रेसला जाताना रस्ताभर गप्प बसा. म्हणजे रुसल्यासारखं नाही, गाणी लावा, त्याला बोलायचं असेल ते बोलू द्या, पण स्विमिंगचा विषय तुम्ही काढायचा नाही. येतानाही नाही. तुम्ही जे 'मोटिव्हेट' म्हणताय ना, ते त्याच्या बाजूने ऐकलं तर पाण्यात उतरायच्या आधीच अर्धी रेस पोहून झालेली असते, आणि तीही मागची, हरलेली.

माझ्याकडे अशीच एक मुलगी यायची, पोहणारी नाही, धावणारी. तिला विचारलं की रेसच्या दिवशी सगळ्यात वाईट काय वाटतं. मला वाटलं स्टार्ट म्हणेल. ती म्हणाली, 'गाडीचं दार लागलं की.' वडील बाहेर बसले होते, त्यांना मी हे कसं सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण ते खूप वेळ बुटांकडे बघत राहिले. वाईट माणूस अजिबात नव्हते ते.

उलटीबद्दल: आधी डॉक्टरांना दाखवा, पोटाचं दुसरं काही नाही ना हे बघून घ्या. ते क्लिअर असेल तर मुलाला एवढंच समजवा की धडधडणं, घाम, पोटात गोळा ही शरीराची तयारी आहे, बिघाड नाही. 'शांत हो, शांत हो' म्हणू नका, त्या वयात आणि खरं तर कुठल्याच वयात सांगून कुणी शांत होत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांचे २०१४ मध्ये आलेले प्रयोग आहेत, गाणं, भाषण, गणित अशी टेन्शनची कामं लोकांना दिली, त्यात 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी एक्साइट झालोय' म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. कारण सोपं आहे, धडधड तशीच राहते, फक्त तिचं नाव बदलतं.

आणि मुलाला विचारा की रेसआधी बाबांनी काय केलेलं तुला आवडेल. उत्तर 'वर स्टँडमध्ये बस' असं आलं तर वाईट वाटून घेऊ नका, वर जाऊन बसा.

प्रश्न: मॅडम, मी २२ वर्षं मुलं तयार करतोय. आमच्या वेळी मेंटल कोच वगैरे काही नव्हतं, तरी खेळाडू घडले. हे नवीन फॅड नाही का? ज्याच्यात दम आहे तो खेळतो.

सर, फॅड म्हणायला हे जरा जुनं आहे. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकलपटूंच्या वेळांचा अभ्यास केला, एकट्याने चालवण्यापेक्षा दुसऱ्याबरोबर चालवताना वेग का वाढतो याचा. १९२५ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंवर संशोधनासाठी लॅब उभी केली, १९३८ मध्ये त्यांना शिकागो कब्स या बेसबॉल टीमने बोलावलं, आणि तिथल्या मॅनेजरने त्यांना अजिबात जवळ येऊ दिलं नाही कारण त्याचं मत साधारण तुमच्यासारखंच होतं. त्यामुळे तुमचा प्रश्नही तितकाच जुना आहे, राग मानू नका.

आपल्याकडचं बघायचं तर २०११ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या भारतीय क्रिकेट टीमबरोबर पॅडी अप्टन मेंटल कंडिशनिंग कोच होते, आणि २०२४ मध्ये १८ व्या वर्षी बुद्धिबळाचा विश्वविजेता झालेल्या गुकेशबरोबरही त्यांनीच काम केलं. आता त्यांच्यामुळेच जिंकले असं मी म्हणणार नाही, असं म्हणणारा कुठलाही मेंटल कोच भेटला तर लांब राहा. ज्याचा बॅकहँड कच्चा आहे त्याचा बॅकहँड मी सुधारू शकत नाही, ज्याचा स्टॅमिना नाही त्याला श्वासाचे व्यायाम देऊन उपयोग नाही. तिथे तुम्हीच हवे.

पण तुम्ही ज्याला 'दम' म्हणता ना, मी त्याचेच तुकडे करून शिकवते. चूक झाल्यावर किती सेकंदात पुढच्या बॉलवर यायचं, टेन्शन आलं की नजर कुठे ठेवायची. तुमच्या २२ वर्षांत काही मुलांना हे आपोआप जमलं, ती पुढे गेली. ज्यांना जमलं नाही ती सोडून गेली, आणि आपण म्हणालो त्यांच्यात दम नव्हता. ती मुलं मोजायची राहिली, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न: मी ८०० मीटर धावतो. व्हिज्युअलायझेशनबद्दल ऐकलं म्हणून रोज रात्री डोळे मिटून स्वतःला गोल्ड मेडल घेताना बघतो. मस्त झोप लागते पण टाइम काही कमी होत नाही.

हा हा, झोप लागते हाही फायदाच. पण अरे, तू रेस बघतच नाहीयेस, बक्षीस समारंभ बघतोयस. तिथे धावायचं काहीच नसतं.

रेस बघ. आणि टीव्हीवर दिसते तशी नाही, तुझ्या डोळ्यांतून. समोरच्याची पाठ, शूजचा आवाज, पहिला राउंड संपताना वाजणारी घंटा, ६०० ला मांड्यांत जे भरून येतं ते. स्पीडही खरा ठेव, तुझी रेस दोन मिनिटांची असेल तर डोक्यातलीही दोन मिनिटांचीच, स्टॉपवॉच लावून बघ, सुरुवातीला मधले २०० मीटर गायबच होतात सगळ्यांचे. आणि पलंगावर लोळत करण्यापेक्षा उभा राहून, शूज घालून, जमलं तर ट्रॅकवरच कर.

मग त्यात मुद्दाम गडबड घाल. घेरला गेलास, कुणाचं कोपर लागलं, पहिला राउंड फार फास्ट गेला. प्रत्येक वेळी तू काय करतोस ते शेवटपर्यंत बघायचं. मायकल फेल्प्सचं उदाहरण सगळे देतात, मीही देते कारण त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं सापडत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, शेवटी तर भिंतही दिसत नव्हती. त्याने स्ट्रोक मोजले. किती स्ट्रोकमध्ये भिंत येते हे त्याला माहीत होतं, आणि त्याचा कोच बॉब बोमन त्याच्याकडून डोक्यात रेस चालवून घ्यायचा त्यात बिघडलेल्या रेसही असायच्या. १:५२.०३, वर्ल्ड रेकॉर्ड, गोल्ड. मेडल घेतानाचा क्षण त्याने व्हिज्युअलाइझ केला होता का, हे कुणी विचारत नाही.

रोज पाच मिनिटं बास. आणि धावायचं बंद करू नकोस, डोक्यातल्या रेसने फुप्फुसं वाढत नाहीत.

प्रश्न: गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन दहा महिने झाले. डॉक्टर, फिजिओ दोघांनी खेळायला परवानगी दिलीय. पण फुटबॉल खेळताना वळायची वेळ आली की मी आपोआप थांबते. टीममधल्या मुली म्हणतात घाबरट झालीस. मला रात्री नीट झोप लागत नाही, मैदानावर जावंसंच वाटत नाही आता.

तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्याच बघू.

वळताना थांबणं: गुडघा बरा झाला म्हणून डोकं त्याच दिवशी बरं होत नाही. हे इतकं कॉमन आहे की एसीएलनंतर मनाची तयारी किती झालीय हे मोजायला वेगळी प्रश्नावली आहे, २००८ पासून वापरतात. याला घाबरटपणा म्हणणाऱ्या मुलींचा गुडघा अजून गेला नाहीये एवढंच. यावर उपाय पायऱ्यांचा. फिजिओबरोबर बसून दहा पायऱ्या लिही, सगळ्यात खाली चालत वळणं, मग हळू पळत ठरलेल्या ठिकाणी वळणं, मग शिट्टी वाजली की वळणं, मग समोर एक मुलगी, मग अंगावर येणारी मुलगी, सगळ्यात वर मॅच. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते दहा मार्क दे. तीनच्या खाली आली की वर चढ, नाही आली तर त्याच पायरीवर राहा, कितीही दिवस. मध्येच जोशात येऊन चार पायऱ्या उडी मारू नकोस, तिथे एकदा घाबरलीस की परत खालून सुरू.

सिमोन बाइल्स टोकियो ऑलिम्पिकमध्ये टीम फायनलच्या मध्येच थांबली तेव्हा तिलाही लोक काय काय बोलले. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं, जिम्नॅस्टच्या भाषेत ट्विस्टीज, त्या अवस्थेत उडी मारणं म्हणजे मान मोडून घेणं. ती थांबली, काही दिवसांनी बीमवर ब्राँझ घेतलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन गोल्ड आणि एक सिल्व्हर.

दुसरी गोष्ट, झोप न लागणं आणि जावंसंच न वाटणं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर माझ्यासारख्या मेंटल कोचकडे नको, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आम्ही परफॉर्मन्सवर काम करतो, आजारावर नाही. आणि स्वतःला मेंटल कोच म्हणवून घ्यायला बऱ्याच ठिकाणी काही डिग्रीच लागत नाही, त्यामुळे कुणाकडेही जाताना शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलंय, हे न लाजता विचारायचं. 'हे माझ्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरकडे जा' असं जो वेळेवर सांगतो तो चांगला. मनात स्वतःला काही करून घ्यायचे विचार येत असतील तर मात्र वाट बघू नकोस, आजच घरात कुणाला तरी सांग आणि डॉक्टरकडे जा.

प्रश्न: मॅचआधी मोटिव्हेशनल व्हिडिओ बघावेत का?

नेमबाज असशील तर नको, हात थरथरेल. वेटलिफ्टर असशील तर एखादा बघ. बाकीच्यांनी आपापलं बघावं, कुणाला तापावं लागतं कुणाला निवावं लागतं. मागच्या पाच चांगल्या मॅचच्या आधी तू कसा होतास, बडबडा की गप्प, ते आठव. तसंच राहायचं.

प्रश्न: माझे लकी मोजे आहेत, निळे. ते घातले की मी जिंकतो. मित्र हसतात. ही अंधश्रद्धा आहे की मेंटल ट्रेनिंग?

नदालच्या पाण्याच्या बाटल्या आठवतायत ना, लेबल ठरलेल्या दिशेला, प्रत्येक ब्रेकला तसंच. त्याचं म्हणणं होतं की डोकं जागेवर ठेवायला ते लागतं. म्हणजे अशा सवयींना हसण्यासारखं काही नाही. फक्त एक तपासून बघ, मोजे हरवले तर काय होईल? 'चालेल, दुसरे घालीन' असं उत्तर येत असेल तर ठेव खुशाल. पोटात गोळा येत असेल तर तुझा खेळ तू मोज्यांच्या हातात दिलायस. मग त्यांच्या जोडीला असं काहीतरी लाव जे कुणी चोरू शकत नाही, तीन लांब श्वास, बुटाची लेस दोनदा बांधणं, काहीही. महिनाभर दोन्ही कर, मग एखाद्या साध्या मॅचला मोजे घरी ठेवून जाऊन बघ.

आणि धूत जा रे ते. 'धुतले की लक जातं' असं पत्राच्या शेवटी लिहिलंयस, ते वाचलंय मी.